संत गोन्सालो गार्सियांचं चरित्र लिहिताना शेवटापासून मागे या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सणाच्या स्मरणिकेत, वसईत जन्मलेल्या आणि जपानमध्ये क्रूसावर मारल्या गेलेल्या संत गोन्सालो गार्सियांचं दीड हजार शब्दांचं चरित्र द्यायचं आहे आणि जमवलेल्या पाच-सहा लेखांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. एकात ते जेज्वीट आहेत, दुसऱ्यात फ्रान्सिस्कन (हे कॅथलिक चर्चमधले दोन वेगळे धर्मसंघ). कुठे फादर, कुठे व्यापारी. मृत्यू १५९६चा की १५९७चा, क्रूसावर खिळे ठोकले की बांधलं, सण ५ फेब्रुवारीला की ६ला, यातलं काय धरायचं?

एकेकाचं उत्तर पुढे येईलच. पण घोळ का झाला ते आधी पाहू, नाहीतर सातवा लेख हाती आला की आठवी शंका उभी राहील. गोन्सालो जेमतेम चाळीस वर्षं जगले. त्यांतल्या शेवटच्या चार वर्षांबद्दल भरपूर लिहिलं गेलं, तेही त्या काळी जपानमध्ये असलेल्या माणसांनी. आधीच्या छत्तीस वर्षांबद्दल मोजकी वाक्यं सापडतात. आपण मात्र चरित्र लिहायला बसलो की जन्मापासून सुरू करतो, म्हणजे जिथे काहीच नाही तिथूनच. मग ती पोकळी भरायला वसईच्या समुद्रकिनारी प्रार्थना करणारा बाळ गोन्सालो आणि त्याच्या आईचे संवाद येतात. पुढचा लेखक तेच उचलतो आणि दोन पिढ्यांत त्याची ‘माहिती’ होते. म्हणून अशा संतांवर काम करताना मी मृत्यूपासून सुरू करून मागे येतो. छापताना क्रम सरळच ठेवायचा. उलटा क्रम फक्त टिपणं काढताना. त्यामुळे जमीन कुठे पक्की आहे आणि कुठे भुसभुशीत, हे लिहायच्या आधीच कळतं.

किती खोलात जायचं ते तुमचा वाचक कोण यावर ठरेल. कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) मुलांसाठी असेल तर खालचा निम्मा तपशील गाळा. वर्षं मात्र तीच ठेवा.

तर शेवट. ५ फेब्रुवारी १५९७, बुधवार, नागासाकीची निशिझाका टेकडी. सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेज्वीट आणि सतरा जपानी प्रापंचिक. गोन्सालो त्या सहा फ्रान्सिस्कनांपैकी एक. त्यांचे प्रमुख फादर पेद्रो बाउतिस्ता, आणि मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस हेही त्यांच्यातच. तीन जेज्वीटांत पॉल मिकी होते. पुढे रोमच्या कॅलेंडरमध्ये हा गट ‘पॉल मिकी आणि सोबती’ या नावाने आला आणि मिकी जेज्वीट, म्हणून सगळेच जेज्वीट असा समज पसरला. तुमच्या पहिल्या गोंधळाचं अर्धं मूळ इथे आहे. उरलेलं अर्धं वसईत आहे, तिथे पोचलो की सांगतो.

१५९६ हे वर्ष बहुधा जपानी पंचांगातून आलेलं आहे. जपानी हिशेबाने ती तारीख केइचो या कालखंडाचं पहिलं वर्ष, बारावा महिना, एकोणिसावा दिवस. केइचो १ हे वर्ष बहुतांशी १५९६शी जुळतं, म्हणून घाईने तारीख बदलून घेणारा १५९६ लिहून मोकळा होतो. पण चांद्र वर्षाचा शेवट आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा १५९७च बरोबर. स्पेन-पोर्तुगालने १५८२मध्येच ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलेलं असल्यामुळे मिशनऱ्यांच्या पत्रांतली तारीख आहे तशी घ्या. कुणी दहा दिवसांची दुरुस्ती सुचवली तर ती करू नका.

आकड्यातही एक खाच आहे. काही ठिकाणी चोवीस सापडतील. तेव्हाची राजधानी क्योतो, तिथून निघताना ते चोवीसच होते. वाटेत कैद्यांची सेवा करणारे दोन जपानी ख्रिस्ती, त्यांतला एक सुतार, त्यांच्यातच धरले गेले आणि सव्वीस झाले. जागा असेल तर हे एक वाक्य जरूर घ्या. त्या दोघांचं नाव शिक्षेच्या यादीत नव्हतं आणि तरी ते मागे हटले नाहीत. माझ्या मते त्या सबंध प्रवासातली सर्वात अस्सल गोष्ट हीच आहे.

आता खिळे. मराठी लेखांत ही चूक हमखास असते, कारण क्रूस म्हटलं की डोळ्यांपुढे कॅल्व्हरी, म्हणजे येशूला खिळलं ती टेकडी, येते. जपानी पद्धतीच्या क्रूसाला पाय टेकायला आडवी फळी आणि बसायला खुंटी असे. मान, मनगटं आणि पाय लोखंडी कड्यांनी व दोरांनी आवळत. मग क्रूस उभा करून दोन्ही बाजूंनी दोन भालेकरी बरगडीखालून वर, समोरच्या खांद्याच्या रोखाने भाले घुसवत. म्हणून जुन्या चित्रांत गोन्सालोंच्या अंगात दोन भाले एकमेकांना छेदताना दिसतात. मुखपृष्ठासाठी नवं चित्र काढून घेणार असाल तर चित्रकाराला हे आधी सांगा. नंतर खिळे पुसायला कोणी तयार होत नाही.

त्याआधीचा महिना. ३ जानेवारीला क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता, अंमलदाराने तो सौम्य केला. मग गाड्यांत बसवून क्योतो, ओसाका, साकाई या शहरांतून धिंड काढली आणि भर थंडीत पश्चिमेला नेलं. साकाईहून नागासाकीला पोचायला जवळजवळ महिना गेला. क्योतोतच मारता आलं असतं, तरी इतक्या लांब नेलं, कारण नागासाकी हे ख्रिस्ती वस्तीचं आणि पोर्तुगीज व्यापाराचं बंदर होतं. दहशत तिथे बसवायची होती. हे कारण लिहिलंत तर त्या प्रवासाला अर्थ येतो, नाहीतर तो नुसता छळाचा तपशील उरतो.

इथे साधनांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा भाग त्यावर अवलंबून आहे. या घटनेची दोन मोठी कथनं आहेत. एक लुइस फ्रॉइस या जेज्वीटाचं. ते नागासाकीतच होते, घटनेनंतर काही आठवड्यांत त्यांनी हकिगत लिहिली आणि त्याच वर्षी जुलैत वारले. दुसरं मार्सेलो दे रिबादेनेइरा या फ्रान्सिस्कनाचं. तेही त्या काळात जपानमध्येच होते, त्यांचं पुस्तक १६०१ साली बार्सिलोनात छापलं गेलं. दोघेही जाणते, दोघेही श्रद्धावान, पण त्यांच्या संघांत तेढ होती. १५८५ साली तेरावे पोप ग्रेगरी यांनी जपानचं मिशन फक्त जेज्वीटांकडे ठेवलं होतं. १५८७मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला, तेव्हापासून जेज्वीट गाजावाजा न करता, सांभाळून काम करत होते. आणि १५९३मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन आले ते उघडपणे, झगा घालून, भर राजधानीत. जेज्वीटांना हा अविचार वाटला, फ्रान्सिस्कनांना तीच निष्ठा वाटली. त्यामुळे ‘हे कोणामुळे घडलं’ या प्रश्नावर दोन्हीकडची साक्ष एकतर्फी आहे. ‘काय घडलं’ यावर मात्र ती बरीचशी जुळते.

यातून मी एक साधा नियम पाळतो. दोन्ही बाजू जे सांगतात ते सरळ लिहायचं. एकच बाजू सांगते ते ‘फ्रान्सिस्कन परंपरेनुसार’ किंवा ‘जेज्वीट पत्रांनुसार’ असं लिहायचं. दोन्हींत नाही आणि फक्त अलीकडच्या लेखांत आहे ते सोडायचं, मग ते कितीही गोड असो. मूळ स्पॅनिश-पोर्तुगीज वाचता येत नसलं तरी चालेल. इंग्रजी लेखातही माहिती कोणाकडून आली हे बहुधा दिलेलं असतं, तेवढं पाहा.

सान फेलिपे जहाजाच्या प्रसंगावर हा नियम लावून बघा. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडलं आणि ऑक्टोबर १५९६मध्ये शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतात, उरादोजवळ रुतलं. हिदेयोशीने माल जप्त केला. इथवर वाद नाही. पुढे असं सांगतात की जहाजाच्या सुकाणूधराने जपानी अधिकाऱ्याला नकाशा दाखवून स्पेनचं साम्राज्य केवढं आहे ते सांगितलं आणि ‘आधी मिशनरी जातात, मागून सैनिक’ अशा अर्थाचं काही बोलला. हे बोलणं झालं की नाही, झालं तर नेमकं काय, यावर दोन्ही संघ पुढे कित्येक वर्षं भांडले. फ्रान्सिस्कनांच्या मते हिदेयोशीचे कान पोर्तुगीजांनी भरले. तुमच्या लेखात ‘असं म्हटलं जातं’ एवढं पुरे. पण प्रसंग गाळू नका. तो गाळला की हिदेयोशीला एके दिवशी अचानक ख्रिस्ती माणसांचा राग आला असं दिसतं. त्याच्यापुढे कोरियातलं युद्ध होतं, रिकामी होणारी तिजोरी होती आणि स्पेनबद्दलचा संशय होता. मारेकऱ्याची कारणं समजावून सांगितली तरी रक्तसाक्ष्यांचं (श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्यांचं) मोठेपण तसूभरही उणं होत नाही.

आणखी एक पायरी मागे, १५९३. माझ्या दृष्टीने गोन्सालोंच्या आयुष्याचा गाभा हा आहे आणि मराठी लेखांत नेमका हाच दोन ओळींत उरकलेला असतो. हिदेयोशीने फिलिपिन्सकडे शरणागतीची मागणी केली होती. मनिलाच्या गव्हर्नरने आधी हुआन कोबो या डॉमिनिकन धर्मगुरूला पाठवलं, ते परतताना जहाज बुडून गेले. मग १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्तांना राजदूत करून पाठवलं आणि दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालोंना. भेट झाली नागोयाला. पण हे आजचं प्रसिद्ध औद्योगिक शहर नव्हे. क्यूशू बेटावर, हिझेन प्रांतात त्याच नावाचा किल्ला होता आणि कोरियावरची स्वारी तिथून चालत होती. नकाशा छापणार असाल तर खूण आजच्या कारात्सु शहराजवळ करा. चुकीच्या नागोयावर खूण केलेले नकाशे सर्रास दिसतात.

त्या दरबाराचं चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. एकीकडे शरणागती मागणारा, सगळ्या जपानचा सत्ताधीश. दुसरीकडे मैत्रीचं बोलणं करायला आलेला अनवाणी साधू, ज्याला जपानी येत नाही. मध्ये वसईचा माणूस. त्याच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांच्या जिवावर बेतलं असतं. बोलणं नेमकं काय झालं याचे दोन्हीकडचे वृत्तांत जुळत नाहीत, म्हणून संवाद रचू नका, प्रसंगाचा पेच तेवढा मांडा. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायची मुभा मिळाली. त्यांनी तिथे चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवलं. गोन्सालो तीन-साडेतीन वर्षं त्या घरात होते, आणि ज्या घरातल्या परदेशी माणसांना बाजारात भाव विचारण्यापासून ते आजाऱ्याचं दुखणं समजून घेण्यापर्यंत दुभाषी लागतो, त्या घरात दुभाष्याला किती काम पडत असेल हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच ‘फादर गोन्सालो’ लिहू नका. ते ब्रदर होते, दीक्षित धर्मगुरू नव्हते, मिस्सा अर्पण करत नव्हते. भक्तिभावाने बढती दिली की त्यांचं खरं काम झाकलं जातं. त्यांची सेवा जिभेची आणि कानांची होती.

मनिलाचा भाग थोडक्यात आटपा. जपानमधून ते व्यापारी म्हणून फिलिपिन्सला येत-जात होते. तिथे फ्रान्सिस्कनांचा सहवास लाभला (हा संघ मनिलात १५७७मध्ये आला होता) आणि व्यापार सोडून ते त्या संघात ब्रदर झाले. म्हणजे व्यापारी होते हे खरं, फ्रान्सिस्कन होते हेही खरं. दोन लेखांनी आयुष्याचे दोन तुकडे धरले, एवढंच.

आणि जेज्वीट? वसईत त्यांचं शिक्षण जेज्वीटांकडे झालं, तरुणपणी ते जेज्वीटांबरोबरच जपानला गेले, तिथे भाषा शिकले आणि कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) म्हणून काही वर्षं त्यांच्या हाताखाली राबले. पण संघात त्यांना घेतलं गेलं नाही. ‘जेज्वीटांचे साहाय्यक’ हे बरोबर, ‘जेज्वीट’ हे चूक. का घेतलं नाही, हे वाचक विचारणारच. पूर्वेकडच्या मिशनांचे निरीक्षक अलेस्सांद्रो व्हालिन्यानो हे भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र वंशाच्यांना संघात घेण्याच्या विरुद्ध होते, हे कागदोपत्री स्पष्ट आहे. त्या काळात पेरो लुइस हा कोल्लमचा एक ब्राह्मण १५७५मध्ये जेज्वीट झाला आणि तो अपवादच ठरला. गोन्सालोंना याच धोरणामुळे नाकारलं असं मात्र ठामपणे लिहू नका. धोरण सांगा, मग त्यांची गोष्ट सांगा, वाचक दोन्ही शेजारी ठेवून बघेल. आणि ही गोष्ट झाकूही नका. ज्या जेज्वीटांनी त्यांना घरात घेतलं नाही, त्यांच्याच तिघांच्या बरोबरीने ते निशिझाकावर क्रूसावर गेले. एवढं मोठं सत्य मवाळपणासाठी गाळणं मला पटत नाही.

शेवटी वसई. जन्म १५५६ किंवा १५५७, असंच लिहा. बाप्तिस्म्याची नोंद शोधायला जाऊ नका. अशा नोंदवह्या ठेवण्याचा सार्वत्रिक नियम ट्रेंटच्या परिषदेने १५६३मध्ये केला, म्हणजे त्यांच्या जन्मानंतर. वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असं परंपरा सांगते. आई कुठल्या समाजाची हे लिहू नका, मग गावात कोणी कितीही आग्रह करो. वाडवळ, सामवेदी, कोळी, प्रत्येकाला ती आपली वाटते आणि त्यामागचं प्रेम मला समजतं, पण पुरावा कोणाकडेच नाही. मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती समाजासाठी वापरतात तो ‘ईस्ट इंडियन’ हा शब्द तर अजिबात नको, तो १८८७मधला आहे.

बालपणाची जागा वसईनेच भरा. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. गोन्सालो जन्मले तेव्हा ती सत्ता जेमतेम बावीस वर्षांची होती. किल्ल्यात जेज्वीटांचं चर्च आणि कॉलेज उभं राहत होतं, त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ आणि १५४८ला वसईत येऊन गेले, पण १५५२मध्ये वारले. तेव्हा ‘झेवियरनी छोट्या गोन्सालोला आशीर्वाद दिला’ हे वाक्य कुठे दिसलं तर तो अख्खा लेखच संशयाने वाचा. परदेशी पुस्तकांत वसई ‘बसीन’ किंवा ‘बासाइं’ अशी येते, आणि ब्रह्मदेशातही एक बसीन होतं, हेही लक्षात असू द्या.

‘पहिले भारतीय संत’ या बिरुदाबद्दल: १४ सप्टेंबर १६२७ला आठवे पोप अर्बन यांनी त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं आणि ८ जून १८६२ला नववे पोप पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिलं. २००८मध्ये संत अल्फोन्सांच्या वेळी अनेक वर्तमानपत्रांनी त्यांनाच पहिल्या भारतीय संत म्हटलं, तिथून हा गोंधळ आहे. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत. गोन्सालोंसाठी ‘भारतात जन्मलेले पहिले संत’ लिहा, त्याला कोणी हरकत घेऊ शकणार नाही.

दीड हजार शब्दांची वाटणी मी अशी करेन: वसई दोनशे, जपानमधली पहिली वर्षं दोनशे, मनिला दीडशे, वकिलात आणि क्योतो साडेतीनशे, जहाज आणि अटक अडीचशे, शेवटची वाटचाल आणि निशिझाका अडीचशे. उरलेल्या शंभरात संतपद आणि नागासाकीतलं आजचं स्मारक. ते १९६२मध्ये, संतपदाच्या शताब्दीला उभं राहिलं. तिथल्या कांस्य शिल्पात सव्वीसही जण एका ओळीत आहेत. पहिल्या मसुद्यात वसई सहाशे शब्दांवर जाते, जाणारच, आपलं गाव आहे. तिला कात्री लावा आणि ते शब्द क्योतोला द्या.

राहिला सण. मृत्यू ५ फेब्रुवारीचा. पण त्या दिवशी रोमन कॅलेंडरमध्ये संत अगाथा असल्यामुळे सव्वीस रक्तसाक्ष्यांचं स्मरण ६ला ठेवलं आहे. जपानमध्ये ते ५लाच पाळतात. चरित्रात मृत्यूची तारीख ५ द्या, आणि मुखपृष्ठावर सणाची तारीख तुमच्या धर्मप्रांताच्या यंदाच्या उपासना-दिनदर्शिकेत जी असेल तीच.